गरगरे सर आणि सहा पायांची मेंढी

मी एका मेंढीचे दोन पाय खोडले.

हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मेंढी कागदावरची होती, पेन्सिलीने काढलेली, आणि तिला सहा पाय होते. चार खाली जमिनीवर, दोन मागे शेपटीखाली, हवेतच. दुसरीतल्या एका पोरीने ती काढली होती आणि मी त्या वर्गाची बाई होते. मेंढीला पाय चार असतात याबद्दल माझी पक्की खात्री होती. खोडरबर घेतला, जास्तीचे दोन पाय साफ केले, कागद फुंकला, खाली लाल पेनने 'छान' लिहिलं आणि वर एक चांदणी काढून दिली. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे आजच्या मानाने अगदीच पोर. पोरवयात चुका व्हायच्याच, असं मी माझ्या नातीला सांगत असते. तिचा विश्वास बसत नाही.

पण ही गोष्ट माझी कमी आणि गरगरे सरांची जास्त आहे.

त्यांचं खरं नाव जालिंदर. पालीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागायचं, तिथे जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. जालिंदर सर तिथे चित्रकलेचे अर्धवेळ शिक्षक म्हणून आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नेमणूक मोठ्या वर्गांसाठी होती, जीव मात्र पहिली-दुसरीत. सातवीच्या पोरांना ते म्हणायचे, "तुमाला आता समदं येतंय, तुमचं काय खरं न्हाई," आणि त्यांना एखादा मडक्यांचा ढीग नेमून देऊन माझ्या वर्गात येऊन उभे राहायचे. उभे राहायचे, हे लिहायचं म्हणून लिहिलं. तो माणूस मी कधी उभा पाहिलाच नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता हे फळ्यावर आंबा काढतील आणि पोरं पाटीवर आंबा काढतील, मी तेवढ्यात वह्या तपासून घेईन. सरांनी खडूला हात लावला नाही. एकतीसच्या एकतीस पोरं बाहेर काढली, आवारातल्या हापशापाशी नेली आणि म्हणाले, "फिरा." पोरं हापशाभोवती फिरायला लागली. सर उलट्या बाजूने फिरत होते आणि जो समोर येईल त्याला विचारत होते, "मागून बघितलं का?" तीन फेऱ्या झाल्यावर एकदम म्हणाले, "पळा, काढा." पोरं धूळ उडवत वर्गात आली आणि कागदावर पालथी पडली. मी वाकून पाहिलं तर कुणी हापशाच्या मागच्या बाजूला साचलेलं डबकं काढलं होतं, कुणी डबक्यातला बेडूक. एकाने तर हापसा काढलाच नव्हता, नुसता बेडूक. सरांना तो सगळ्यात आवडला.

"पुढून काय, कुनीबी बघतंय," ते मला म्हणाले. "मागून बघितलं का, ते इचारायचं."

तिसऱ्या दिवशी पोरांनी त्यांचं नाव गरगरे सर ठेवलं. सरांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले आणि नाव ठेवणाऱ्या पोराभोवती एक चक्कर मारून आले.

त्यांना बसायला म्हणून हेडसरांनी एक नवी खुर्ची दिली होती. ती शेवटपर्यंत नवीच राहिली. चहाचा कप घेऊन सर टेबलाभोवती फिरत प्यायचे, त्यामुळे आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणालाही त्यांच्याशी सरळ बोलता येत नसे. अर्धं वाक्य डाव्या कानाला ऐकू यायचं आणि उरलेलं उजव्या. हेडसर शांत स्वभावाचे, पण सरांशी दोन मिनिटं बोलले की मान चोळायला लागायचे.

एकदा तालुक्याहून साहेब आले, शाळा तपासायला. साहेबांना व्हरांड्यात खुर्ची दिली, नारळपाणी दिलं. तेवढ्यात सरांनी दुसरीचा वर्ग बाहेर काढला आणि साहेबांभोवती सोडला. एकतीस पोरं निमूट फेऱ्या घालू लागली. साहेबांना वाटलं, स्वागताची काही नवीन पद्धत असेल. त्यांनी नारळ खाली ठेवून हात जोडले आणि चांगल्या चार फेऱ्या होईपर्यंत तसेच जोडून ठेवले. मग पोरं आत पळाली. अर्ध्या तासाने साहेबांना एकतीस चित्रं भेट मिळाली, त्यात एकतीस साहेब होते, पाठमोरे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मागच्या बाजूला पौर्णिमेचा चंद्र. साहेबांनी नकळत टोपी घातली. हेडसरांनी त्या दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली.

मला हसू आवरत नव्हतं. पुढच्याच बुधवारी माझी पाळी आली.

मी टेबलाशी बसून हजेरी मांडत होते आणि माझ्याभोवती चपलांची फटफट सुरू झाली. एरवी मी रागावले असते, पण साहेबांनी जे सोसलं ते आपण का सोसू नये, म्हणून बसून राहिले. चित्रं हातात आली. माझा अंबाडा, ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन, पदरावरचा खडूचा पंजा, सगळं होतं. आणि अंबाड्यात एक लाल पेन खोचलेला होता, तो पेन मी सकाळपासून शोधत होते आणि तो घेतल्याचा आळ मनातल्या मनात शेजारच्या वर्गाच्या बाईंवर घेऊन मोकळी झाले होते. मी हात मागे नेला. पेन होता. सर दारातून जाता जाता म्हणाले, "बघा बाई. मागून बघितल्याबिगर सापडला असता का?"

सर स्वतः मात्र चित्र काढत नसत. फळ्यावर नाही, कागदावर नाही, पोराच्या चित्रात एक रेघसुद्धा नाही. पोरं मागे लागायची, सर तुमी काढून दावा. "मी काढलं की तुमी तसंच काढताल. मग तुमचं कवा बघायचं?" एवढं बोलून पुढच्या बाकाकडे. आम्ही शिक्षक आपसात म्हणायचो, याला चित्र काढता येतं की नाही तेही एकदा तपासायला हवं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे अंबाजोगाई. सर दर रविवारी मोपेडवर बसून अंबाजोगाईला जायचे, रंग आणायला. आता आमच्या शाळेपासून बीड अर्ध्या तासावर. तिथे रंग मिळतात, ब्रश मिळतात, मागितला तर रंगारीसुद्धा मिळतो. अंबाजोगाई उन्हातान्हात दोन-अडीच तास, त्या मोपेडवर तर तीन. आणि इतकं करून सोमवारी सर घेऊन यायचे काय, तर रंगीत खडूची एक पेटी. कधी तीही नाही. मी एकदा विचारलं, सर, अंबाजोगाईचा निळा काही वेगळा असतो का? "लई वेगळा असतो," म्हणाले आणि खिडकीच्या बाजूने निघून गेले. मी शेजारच्या बाईंना डोळा मारला.

आता मेंढीकडे येते.

माझ्या वर्गात वैजू म्हणून एक मुलगी होती. वैजंता, आजीचं नाव ठेवलेलं. घर मेंढपाळांचं. पावसाळाभर कळप गावाच्या आसपास असायचा, म्हणून पोरगी शाळेत. दिवाळी झाली की मेंढ्या वर घाटाकडे निघायच्या, एका रानात दोन रात्री, दुसऱ्या रानात तीन, शेतकरी शेताला खत मिळावं म्हणून बोलावतील तिथे. मग वैजूचं बाकडं उन्हाळ्यापर्यंत रिकामं. जूनमध्ये ती यायची तेव्हा सगळं विसरून आलेली असायची आणि मी पुन्हा 'अ'पासून सुरुवात करायचे. ती दारापाशी बसायची, एक पाय बाहेर ठेवून. बोलत नसे. मी विचारलं तर खाली बघायची आणि मी, तेवीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, तिच्या नावापुढे मनातल्या मनात 'मंद' असं लिहून ठेवलं होतं.

सर तिलाही कागद द्यायचे. ती कोराच परत करायची. सर तो कोरा कागद उजेडाला धरायचे, उलटून मागची बाजू बघायचे, म्हणायचे, "मागं बी काही न्हाई. बरं, पुढल्या बारीला," आणि घडी न घालता पिशवीत ठेवायचे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. असे कितीतरी कोरे कागद त्यांनी तिच्याकडून घेतले.

मधल्या काळात ते तिच्या बापाला, दादारावला, जाऊन भेटले होते. गावात वैजूची आत्या राहते, तिच्याकडे पोरीला ठेवा, शाळा सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दादारावने मेंढीच्या खुरातला काटा काढत ऐकून घेतलं आणि एवढंच कबूल केलं, की पोरीने स्वतःच्या तोंडाने राहते म्हटलं तर ठेवीन, आपण सांगणार नाही. तेव्हापासून सरांची गरगर दुप्पट झाली. दिवाळीनंतर कळप हलणार होता आणि पोरगी कागदावर एक टिंबही टेकवत नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच बुधवारी वैजूने चित्र काढलं. पेन्सिल अशी दाबून धरली होती की बोटाची नखं पांढरी झाली होती. पानभर मेंढी. सरांनी ती पाहिली आणि शाळेच्या इमारतीला तीन फेऱ्या मारून आले. धापा टाकत मला म्हणाले, "बाई, हे लई जपून ठिवा. शुक्रवारी मी आलो की तिच्याशी बोलतो. आता राहती बघा पोरगी."

आणि मी ते जपलं.

शनिवारी केंद्रशाळेत बालचित्रांचं प्रदर्शन होतं. बुधवारी संध्याकाळी मी एकतीस कागद घरी नेले आणि जेवणं आटोपल्यावर दुरुस्तीला बसले. चित्रकलेत मी कच्ची नव्हते. डी.एड.ला असताना माझं निसर्गचित्र फळ्यावर लावलं होतं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत होडी. होडी मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नव्हती, पण काढायचे अगदी शिडासकट. तर मी कुणाचा सूर्य गोल केला, कुणाच्या झोपडीला दार दिलं, बेडकाच्या मागे हापसा उभा केला, आणि सहा पायांच्या मेंढीला चार पायांवर आणलं. आमचे 'हे' बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी एकदा वर पाहून विचारलं, परीक्षा पोरांची आहे की तुझी? मी त्यांना दूध तापवायला पाठवलं.

गुरुवारी कागद परत वाटले, रंगवायला. वैजूने तिचा कागद घेतला. पाहिला. मागच्या पायांच्या जागी बोट फिरवलं. चांदणीकडे बघितलंच नाही. कागद बाकावर पालथा ठेवला, मधल्या सुट्टीत दप्तर उचललं आणि गेली. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

शुक्रवारी सर आले, दारापाशी रिकामी जागा पाहिली आणि आत्याच्या घरी जाऊन आले. कळप गुरुवारी संध्याकाळीच वर गेला होता, वैजू सोबत. राहत न्हाई म्हनली, एवढंच आत्याला माहीत. सर माझ्या टेबलाशी आले. मी ड्रॉवरमधून कागद काढून दिला, वर चांदणी आहे हेही दाखवलं.

सरांनी तो नेहमीसारखा उजेडाला धरला. मग उलटा केला. मागच्या बाजूवर बोट ठेवून हळूहळू फिरवू लागले, डोळे मिटून, आणि मी पहिल्यांदा त्यांना जागच्या जागी उभं पाहिलं.

"बाई, तुमच्या घरी कधी मेंढरं व्हती का?"

आमच्या घरी फक्त शिक्षक होते. तसं मी सांगितलं.

"हे मेंढीचे पाय न्हाईत. मेंढी व्यातीय हितं. कोकराचे पाय आधी येतेत बाहेर, पुढले दोन. तिनं बघितलं आसंल सुट्टीत." मग कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "साऱ्या वर्गात एकलीनं मागून बघितलं व्हतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी उलट उत्तर दिलं असतं. उत्तरं मला भरपूर येत होती. पण ते नुसते गेले, आणि सातवीच्या पोरांनी नंतर सांगितलं की सर आज एकदाही फिरले नाहीत.

शनिवारी मी प्रदर्शनाला गेले नाही. सकाळची शाळा सुटल्यावर सरांना त्यांच्या खोलीवर जाऊन गाठलं आणि म्हटलं, उद्या मला कळपाकडे घेऊन चला. ते म्हणाले, उद्या रविवार. मी म्हटलं, रंग एक आठवडा राहू द्या. त्यांनी एक फेरी पूर्ण केली, मग म्हणाले, "चला."

तर त्या रविवारी सकाळी मी मोपेडच्या मागे बसले, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा, डब्यावर तो कागद, वहीत घालून. आमच्या 'ह्यां'नी दारातून सूचना केली, पडू नकोस, उद्या दळण आणायचंय. गावातल्या चार बायका मुद्दाम अंगण झाडायला बाहेर आल्या.

मेंढ्यांचा पत्ता विचारणं म्हणजे वाऱ्याचा विचारण्यासारखं. पहिल्या रानात लेंड्या होत्या, कळप नव्हता. शेतकरी म्हणाला, रात्री बसल्या व्हत्या, पहाटं उठल्या. दुसऱ्या रानातून हनुवटीने वर दाखवलं. तिसऱ्या ठिकाणी कळप सापडला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला, पण सरांनी त्यालाही एक चक्कर मारूनच खात्री करून घेतली. प्रत्येक फाट्यावर ते मोपेड एकदा गोल फिरवायचे आणि मग रस्ता निवडायचे. मी डबा घट्ट धरून बसले होते. पोरगी बोललीच नाही तर? आणि बोलली, तर मी काय सांगणार, की मला चार पायांपुढे मोजता येत नाही?

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मांजरसुंब्याच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर, सोयाबीन निघालेल्या रानात दादारावचा कळप दिसला. कुत्रं अंगावर आलं, मेंढ्या उधळल्या आणि आमच्याभोवतीच गोल फिरू लागल्या. सरांना त्यातही बरं वाटलं असावं.

दादारावने पाणी दिलं. घोंगडी झटकून बसायला टाकली. मग म्हणाला, "पोरगी म्हनती, बाईला मेंढी कळत न्हाई. मंग तितं शिकून काय करायचं?"

मला लपायला एक झाडही नव्हतं. मी म्हटलं, "खरं आहे. नाहीच कळत. म्हणून तर आले."

वैजू थोडी लांब बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, लेंड्यांवरच, इस्त्रीच्या साडीत. कागद काढला. सरांकडे पेन्सिल मागितली तर त्यांनी अख्खी पिशवीच माझ्याकडे टाकली. कागद पालथा केला. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाणं उमटतं, तो खेळ सरांनीच वर्गात शिकवला होता आणि मी तेव्हा म्हटलं होतं, टेबल खराब होतात. आता तसंच, हलक्या हाताने, आडवी पेन्सिल घासायला लागले. वैजूने इतकं दाबून काढलं होतं की खोडरबराला फक्त काळं पुसता आलं होतं, रेघ कागदात रुतूनच होती. पाठीचा बाक आला. शेपटी आली. उलटी मेंढी, तोंड डावीकडचं उजवीकडे झालेलं. मग शेपटीखाली एक पाय आला आणि त्याच्या शेजारी दुसरा.

मी थांबले. वैजूने मान वळवली होती.

"नाक बी व्हतं," ती म्हणाली.

तिचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा धड ऐकला. जरा घोगरा आहे. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पायांच्या वर घासली, आणि तिथे खरंच एक इवलंसं नाक होतं, मला ते खोडताना दिसलंसुद्धा नव्हतं. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. पाय आधी येतात, पायावर नाक टेकलेलं असतं, पाण्यात सूर मारल्यासारखं. मेंढी कळ देईल तेव्हाच ओढायचं, एरवी नाही. बाबाचा हात मोठा, म्हणून तिने ओढलं होतं. उठून गेली आणि कोकरू काखेत मारून आणलं, पंधरा दिवसांचं, तिच्याइतकंच अस्वस्थ. मी त्याला मागून पुढून नीट बघितलं. पाय चार होते. तसं मी तिला सांगितलं, तेव्हा ती हसली.

पुढे घासाघीस झाली ती बाप-लेकीत. राहते, पण कोकरू आत्याकडे बांधायचं. कोकरू आलं तर त्याची आईही हवी. दादाराव म्हणाला, मंग समदा कळपच शाळेत घाल. पण सोमवारी सकाळी आत्याच्या दारात मेंढी आणि कोकरू बांधलेलं होतं आणि वैजू तेल लावून शाळेत. दुसरीचा वर्ग त्या मेंढीभोवती फिरून आला. मीही फिरले. मेंढीने मला एक लाथ घातली, ती माझ्या हिशेबात बरोबरच होती.

पण तो सोमवार. रविवारचं अजून राहिलंय.

भाकरी खाऊन होईपर्यंत वैजूने सरांची पिशवी उपसली होती. तिचे सगळे कोरे कागद त्यात निघाले, एकावर एक, न दुमडलेले. त्याखाली एक जाडजूड जुनी हजेरीची वही. तिने ती मागच्या बाजूने उघडली, आणि आम्ही दोघी बघत राहिलो.

सरांना चित्र काढता येत होतं. कसं येत होतं ते मी सांगू शकत नाही, मला फक्त होडी येते. पानोपानी पोरं होती, शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारी, सगळी पाठमोरी. लोंबणारी दप्तरं, मागे वळलेला शर्टाचा कॉलर, एकमेकांच्या खांद्यावरचे हात. एका पानावर माझा अंबाडा होता, पेनासकट. वैजूने स्वतःला दप्तराच्या तुटलेल्या बंदावरून ओळखलं.

मधल्या पानांवर एकच मुलगी होती. तीही पाठमोरी, एका घराच्या दारातून आत शिरणारी. पहिल्या पानावर दोन आखूड वेण्या, लाल फिती. मग वेण्या खांद्याखाली. मग फितींचा रंग बदललेला. मग एकच वेणी, पार कमरेपर्यंत. घर तेच. दार तेच. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, रविवार.

"ही कोन?" वैजूने विचारलं.

सर मेंढ्यांच्या पलीकडे फिरत होते, तिथूनच म्हणाले, "माझी लेक. अंबाजोगाईला असती. तिच्या आईकडं."

तीन वर्षं आम्ही एका खोलीत चहा प्यायलो होतो. मी शेजारच्या बाईंना किती वेळा डोळा मारला होता, ते मी तिथे बसून मोजायला लागले आणि सोडून दिलं.

वैजू पानं पुढे-मागे करत होती. सगळ्या वेण्या बघून झाल्यावर तिने विचारलं, "पुढून कशी हाय?"

सर थांबले. तोंड उघडलं, काहीतरी सांगायला हात वर केला, कपाळापाशी नेला, आणि हात तिथेच राहिला. कुत्रं त्यांच्या पायाशी येऊन बसलं. मेंढ्या चरत पुढे गेल्या, तरी ते तिथेच उभे होते. मी पिशवी भरली, कागद वैजूकडे दिला. वही सर्वांत वर ठेवली.

परतताना सरांनी फाट्यांवर मोपेड गोल फिरवली नाही. मांजरसुंब्याच्या चौकात आलो, धाब्यांसमोर जीपगाड्या उभ्या होत्या, पालीकडे जायचं तर डावीकडे वळायचं होतं की उजवीकडे हे मला कधीच कळलं नाही, पण सर कुठेच वळले नाहीत. गाडी बंद केली. मी उतरले. डबा हातात धरून उभी राहिले. त्यांनी शर्ट नीट केला, बाजूच्या आरशात स्वतःचा चेहरा पाहिला, रुमालाने पुसला, पुन्हा पाहिला. मग मला म्हणाले:

"बाई, हितून तुमाला जीप गावंल ना? मी जरा अंबाजोगाईला जाऊन येतो. आज रंग न्हाई आनायचे."